कवडीमोल : विकणाऱ्याच्या तोंडचा शब्द

एखाद्या वस्तूची, श्रमाची किंवा माणसाची योग्यता तिच्या खऱ्या मोलापेक्षा कमी धरली जाते, तेव्हा ते सांगण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कमी लेखणे, तुच्छ मानणे, हिणवणे, अवहेलना करणे, खिजगणतीत न धरणे हे सारे शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यातले आहेत, आणि अर्थशास्त्राच्या परिभाषेतून आलेला अवमूल्यन हा संस्कृत वळणाचा शब्दही आता वर्तमानपत्रांच्या वाचकांना परका राहिलेला नाही. या सगळ्यांत कवडीमोल हा शब्द निराळा आहे, कारण इतर शब्द कमी लेखणाऱ्याची वृत्ती सांगून थांबतात, तर कवडीमोल हा शब्द ती वस्तू किती खाली उतरवली गेली याचे माप देतो, आणि हे माप तो अशा एका चलनातून देतो जे भारतातील बाजारातून नाहीसे होऊन पिढ्या लोटल्या आहेत. या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायचा असेल तर त्याचा कोशातला अर्थ पुरेसा नाही. तो कोणाच्या तोंडी येतो, कोणत्या प्रसंगी येतो आणि ज्या कवडीवरून तो घडला तिचे स्वतःचे काय झाले, हेही पाहावे लागते.

कवडीमोल म्हणजे अतिशय कमी किमतीचे, असा अर्थ साधारणपणे दिला जातो, आणि तो चुकीचा नसला तरी अपुरा आहे. अतिशय कमी किमतीच्या वस्तूला मराठीत स्वस्त असेही म्हणतात, पण स्वस्त आणि कवडीमोल यांची अदलाबदल कोणी करत नाही. गृहिणी बाजारातून आल्यावर कांदा स्वस्त मिळाला असे म्हणते आणि त्याच दिवशी त्याच कांद्याविषयी शेतकरी तो कवडीमोल गेला असे म्हणतो. भाव एकच, व्यवहार एकच, तरीही शब्द दोन, कारण स्वस्त हा घेणाऱ्याचा शब्द आहे आणि कवडीमोल हा देणाऱ्याचा. स्वस्त म्हणणाऱ्याला ती किंमत मान्य असते, तर कवडीमोल म्हणणारा ती किंमत खोटी आहे असे सांगत असतो. वस्तूचे मोल अधिक आहे, ते दिले गेलेले नाही, ही तक्रार या शब्दाच्या पोटातच आहे. म्हणूनच सडलेल्या, कुजलेल्या वस्तूला कोणी कवडीमोल म्हणत नाही. कांदाचाळीत पाणी शिरून कांदा सडला तर तो मातीमोल झाला असे म्हणतात, कारण तेथे वस्तूच गेली. चांगला, निवडलेला, वाळवलेला कांदा रुपया किलोने द्यावा लागला तर तो कवडीमोल गेला असे म्हणतात, कारण तेथे वस्तू शाबूत आहे आणि फक्त तिचा भाव गेला आहे. हा भेद बोलीत इतका पक्का आहे की तो शिकवावा लागत नाही.

याच कुळातला दुसरा वाक्प्रयोग म्हणजे एखाद्याला कवडीची किंमत न देणे. वरवर पाहता दोन्हींत एकच कल्पना दिसते, पण दृष्टी उलटी आहे. कवडीमोल या शब्दात बोलणारा त्या वस्तूच्या बाजूने उभा असतो, आणि कवडीची किंमत न देणे यात जो किंमत देत नाही त्याच्या तुच्छतेचे वर्णन असते. धान्य कवडीमोल विकले गेले असे म्हणताना धान्याविषयी कळवळा आहे, तर पोलीसपाटलाने गावाच्या तक्रारीला कवडीची किंमत दिली नाही असे म्हणताना पाटलाच्या मग्रुरीकडे बोट आहे. कमी लेखणे या रूढ क्रियापदातही मूळ कल्पना मोजण्याचीच आहे, कारण लेखणे म्हणजे गणणे, हिशेबात धरणे, आणि लेखा, लेखाजोखा हे शब्दही त्याच घरचे आहेत. म्हणजे माणसाच्या मनातला अनादर सांगण्यासाठीही मराठी भाषा व्यापाऱ्याच्या चोपडीकडेच गेली आहे, आणि ज्या समाजात मानसन्मानाचे व्यवहार देण्याघेण्याच्या व्यवहारांत इतके मिसळलेले होते त्या समाजात हे स्वाभाविक मानले पाहिजे.

ज्या कवडीवरून हा शब्द आला ती समुद्रातील एका लहान गोगलगायीसारख्या प्राण्याचे कवच आहे. चलन म्हणून वापरली जाणारी पिवळसर पांढरी कवडी प्रामुख्याने मालदीव बेटांच्या उथळ पाण्यातून येत असे. संस्कृतात तिला कपर्द, कपर्दिका आणि वराटक, वराटिका अशी नावे आहेत, आणि कपर्दिकेपासूनच प्राकृतातून मराठीतील कवडी आली. आकाराने सारखी, टिकाऊ, हाताळायला सोयीची, मोजता येण्याजोगी आणि खोटी पाडता न येणारी अशी ही वस्तू असल्यामुळे धातूच्या नाण्यांपेक्षाही लहान व्यवहारांसाठी ती उत्तम होती. तांब्याच्या सर्वांत लहान नाण्यालाही जेवढे विकत घेता येत नाही तेवढेच विकत घ्यायचे असेल, म्हणजे चिमूटभर मीठ, चार विड्याची पाने, एका दिव्यापुरते तेल, तर त्यासाठी गरिबाला कवडीच हवी होती. कवडी हे हलके चलन होते हे खरे, पण ते टाकाऊ चलन मुळीच नव्हते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथात सापडतो. इसवी सन ११५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या या गणिताच्या ग्रंथाच्या आरंभीच नाण्यांचे कोष्टक दिलेले आहे आणि त्याचा पाया कवडी आहे. २० वराटकांची म्हणजे कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क असे ते कोष्टक आहे. त्यानुसार एका पणाच्या ८०, एका द्रम्माच्या १२८० आणि एका निष्काच्या २०,४८० कवड्या होतात. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी गणित शिकणाऱ्या मुलाला पैशाचा हिशेब समजावताना आचार्यांनी सुरुवात कवडीपासून केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ज्या वस्तूवर हिशेबाची सगळी इमारत उभी आहे तिला कोणी शून्य मानत नसते. भास्कराचार्यांच्या घराण्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाने सिद्ध झालेला आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या या लेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे, आणि लेखाच्या जुन्या मराठीतील भागात त्या पेठेत विक्रीला उघडल्या जाणाऱ्या केण्यावरचा, म्हणजे विक्रीच्या मालावरचा, राजाचा हिस्सा मठाला दिल्याचे सांगितले आहे. बाजारात आलेल्या मालातून विक्रीच्या वेळीच काही भाग कापला जाणे ही किती जुनी रीत आहे, हेही त्यावरून दिसते.

द्रम्म हा शब्द ग्रीक नाण्याच्या नावावरून भारतात आला आणि प्राकृतातून त्याचा दाम झाला. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचे नाणे होते आणि ४० दामांचा एक रुपया धरला जात असे. दामाचा आठवा भाग म्हणजे दमडी. रुपया, आणा, पैसा, पै या पुढच्या व्यवस्थेत १६ आण्यांचा, ६४ पैशांचा आणि १९२ पैंचा रुपया होता, आणि १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली तेव्हा आणा आणि पै या दोघांनाही निरोप मिळाला. व्यवहारातून गेलेली ही सगळी नाणी मराठीत मात्र अजून चालू आहेत. दीडदमडीचा माणूस, पै-पैचा हिशेब, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, सोळा आणे खरे, दामदुप्पट, कवडीचुंबक या प्रयोगांत ती रोज वाजतात. यांत एक गोष्ट अशी की मोठ्या नाण्यांवरून कौतुकाचे आणि खात्रीचे शब्द घडले, तर लहान नाण्यांवरून तुच्छतेचे. ज्या नाण्यांनी गरिबाचा दिवस चालत होता तीच हलकेपणाची खूण ठरली, आणि भाषेने कोणाच्या खिशाकडे पाहून शब्द घडवले हे त्यातून उघड होते.

कवडीचे मोल स्थिर कधीच नव्हते, आणि ते कसे बदलत असे याचे चौदाव्या शतकातले एक उत्तम वर्णन मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने करून ठेवले आहे. तो मालदीवमध्ये काही काळ न्यायाधीश म्हणून राहिला होता. तेथे चार लाख कवड्यांना सोन्याचा एक दिनार मिळे आणि कधी भाव पडला की त्याहूनही अधिक कवड्या मोजाव्या लागत. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन कवड्या नेत असत. पुढे आफ्रिकेतील माली राज्यात गेल्यावर त्याने पाहिले की तेथे ११५० कवड्यांना एक सोन्याचा दिनार पडतो. समुद्राचे तेच कवच, तेवढ्याच वजनाचे, एका किनाऱ्यावर जवळजवळ फुकट आणि दुसऱ्या ठिकाणी साडेतीनशे पटींनी महाग. अर्थशास्त्रात उपयोगमूल्य म्हणजे वस्तू वापरणाऱ्याला होणारा लाभ आणि विनिमयमूल्य म्हणजे तिच्या बदल्यात बाजारात जे मिळते ते, असा भेद करतात, आणि बाजारातला भाव वस्तूच्या अंगभूत गुणाने ठरत नाही हे समजावण्यासाठी कवडीइतके स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण आहे.

भारतात कवडीचे चलन सर्वांत घट्ट रुजले ते बंगाल, आसामचा सीमाभाग आणि ओडिशात. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेट जिल्ह्याचा सरकारी वसूल कवड्यांत जमा होत असे आणि तो नावांवर लादून ढाक्याला न्यावा लागे. त्या काळी ५१२० कवड्यांचा एक रुपया धरला जाई. हा आकडा १२८० च्या चौपट आहे, म्हणजे लीलावतीतल्या द्रम्माएवढ्या कवड्यांचा एक कहाण आणि अशा चार कहाणांचा रुपया, हे जुने माप तेथे टिकून होते. १८०३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ओडिशा घेतल्यावर जमीनमहसूल चांदीच्या रुपयांत भरण्याची सक्ती झाली. खेड्यातला सगळा व्यवहार कवडीत, मीठ-धान्याची विक्री कवडीत, मजुरी कवडीत, आणि सरकारचे देणे मात्र चांदीत, अशी स्थिती आली, तेव्हा वसुलाच्या हंगामात प्रत्येकाला कवड्या देऊन रुपये घेण्याची घाई झाली आणि रुपयाला चार कहाणांवरून अधिकाधिक कवड्या मोजाव्या लागू लागल्या. शेतकऱ्याचे पीक तेवढेच, त्याची मेहनत तेवढीच, पण त्याच्या हातातले चलन पडल्यामुळे त्याचा कर न वाढवताही वाढला. १८१७ साली बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पाइक उठावाच्या कारणांत जमिनी हिरावल्या जाणे, मिठाची महागाई आणि कवडीचे हे अवमूल्यन यांचा समावेश होतो. कवडी आपोआप कवडीमोल झाली नाही. ती एका राज्यव्यवस्थेच्या हुकुमाने तशी झाली, आणि तो तोटा ज्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते त्यांनी भरला.

अवमूल्यन या शब्दाचा शास्त्रीय अर्थ येथे सांगणे आवश्यक आहे, कारण मराठीत तो आता फार सैल वापरला जातो. सरकारने अधिकृत निर्णय घेऊन आपल्या चलनाची परकी चलनाच्या तुलनेतली किंमत कमी केली तर त्याला अवमूल्यन म्हणतात. बाजारातल्या मागणी-पुरवठ्याने ती कमी झाली तर ती घसरण. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे करण्यात आला, ते अवमूल्यन होते, आणि जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत झालेली कपातही अवमूल्यनच होती. यंत्र किंवा इमारत वापराने झिजून तिची हिशेबातली किंमत दरवर्षी उतरते, त्याला घसारा म्हणतात. दस्तऐवजात मालमत्तेची किंमत मुद्दाम कमी दाखवली जाते, ते न्यूनमूल्यांकन. शिक्षणाचे अवमूल्यन, नात्यांचे अवमूल्यन असे प्रयोग आता रूढ झाले आहेत आणि त्यांना आक्षेप घेण्याचे कारण नाही, पण अवमूल्यनात निर्णय घेणारा कोणीतरी असतो, हा मूळ अर्थ त्यांत हरवू नये. कोणीतरी ठरवल्याशिवाय अवमूल्यन होत नसते.

न्यूनमूल्यांकनाचा एक परिणाम महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांनी भोगला आहे आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. जमिनीच्या खरेदीखतात मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी किंमत कमी लिहिण्याची पद्धत दीर्घकाळ सर्रास चालत आली. धरण, रस्ता किंवा औद्योगिक वसाहत यांसाठी जमीन संपादन होताना १८९४ च्या कायद्यानुसार बाजारभाव ठरवण्याचा मुख्य आधार म्हणजे आसपासच्या नोंदणीकृत खरेदीखतांतल्या किमती, आणि त्या मुळातच कमी लिहिलेल्या. त्यामुळे आपली जमीन सरकारने कवडीमोल घेतली ही तक्रार खरी असतानाच तिला कागदावर आधार मिळत नसे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने बाजारमूल्याला ग्रामीण भागात दोनपर्यंतचा गुणक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम देऊन ही दरी काही प्रमाणात भरून काढण्याचा प्रयत्न केला. पण कोयनेपासून पुढच्या अनेक प्रकल्पांत ज्यांची शेते आणि गावठाणे गेली त्यांना हा हिशेब मिळण्याआधीच त्यांचा व्यवहार संपलेला होता.

कमी किमतीच्या व्यवहाराविषयी कायद्याची भूमिका काय, हे भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २५ मध्ये एका घोड्याच्या उदाहरणाने सांगितले आहे. हजार रुपये किमतीचा घोडा दहा रुपयांना विकण्याचे एखाद्याने कबूल केले आणि त्याची संमती मोकळेपणाने दिलेली असेल, तर मोबदला, म्हणजे वस्तूच्या बदल्यात मिळणारी रक्कम, अपुरा आहे एवढ्याच कारणाने तो करार रद्द ठरत नाही. मात्र विकणारा आपली संमती मोकळी नव्हती असे म्हणत असेल, तर ती मोकळी होती की नाही हे ठरवताना न्यायालयाने किमतीचा हा अपुरेपणा विचारात घ्यावा, असेही तेथेच म्हटले आहे. या तरतुदीत कवडीमोल या शब्दाचे सारे मर्म आले आहे. किंमत कमी असणे हा गुन्हा नाही. ती कमी किंमत कोणत्या दडपणाखाली स्वीकारली गेली, हा प्रश्न आहे. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा केल्यावर त्यांच्या वाड्यावरचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीला लिलावात विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. लिलाव उघडा होता, बोली लागत होत्या, तरीही तो व्यवहार मोकळ्या संमतीचा होता असे कोणी म्हणू शकणार नाही.

आजच्या मराठीत कवडीमोल हा शब्द सर्वाधिक येतो तो शेतमालाच्या बातम्यांत, आणि त्यातही कांद्याच्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला. त्याला किलोला एक रुपया भाव मिळाला, आणि वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता त्याच्या हाती २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा, धनादेश पडला. देशभर गाजलेल्या या प्रकरणात बहुतेकांचे लक्ष दोन रुपयांवर गेले, पण समजून घ्यायची ती वजावट. मालाचा भाव कितीही पडला तरी गाडीभाडे, पोते उचलण्याची मजुरी आणि वजनाचा आकार हे पोत्यामागे किंवा वजनामागे ठरलेले असतात, ते भावाबरोबर खाली येत नाहीत. त्यामुळे भाव दहा रुपयांवरून एक रुपयावर आला तर शेतकऱ्याचे उत्पन्न दहापटीने कमी होत नाही, ते जवळजवळ शून्यावर येते. फळे-भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचे दलालीचे प्रमाण, २०१६ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले, तरी हे इतर आकार राहिलेच.

कांदाच एवढा वारंवार कवडीमोल का होतो, यामागे त्या पिकाचा स्वभावही आहे. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, म्हणून त्याच्या शेतकऱ्याला भावाची वाट पाहण्याची थोडी तरी सवड असते. खरीप आणि उशिरा खरिपाचा लाल कांदा मात्र पाणीदार असल्याने साठवता येत नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यांचा एकदमच निघाला की जो भाव बोलला जाईल त्याला तो द्यावाच लागतो. लासलगावला किंवा सोलापूरला ट्रॉली भरून आणलेला माल भाव पटला नाही म्हणून परत नेणे म्हणजे दुसरे भाडे भरून त्याच सडणाऱ्या मालाचे ओझे घरी नेणे होय. केंद्र सरकार ज्या पिकांसाठी किमान आधारभूत किंमत जाहीर करते त्यांत कांदा नाही. उलट भाव चढू लागले की निर्यातीवर बंधने येतात. ८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी मे २०२४ मध्ये उठेपर्यंत हंगामाचा मोठा भाग निघून गेला होता. ग्राहकाला कांदा परवडला पाहिजे ही अपेक्षा रास्त आहे, परंतु तिचा भार सतत एकाच बाजूने वाहावा हे न्याय्य नाही. शेतकरी नेते शरद जोशी यांनी चाकणच्या कांद्यापासून सुरू केलेल्या आणि पुढे १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात पेटलेल्या आंदोलनाची घोषणा भीक नको, हवे घामाचे दाम अशी होती. तीत भाव हा शब्द नाही, दाम आहे, आणि तो वस्तूचा नसून घामाचा आहे. शेतमाल कवडीमोल जातो म्हणजे त्यामागचे श्रम कवडीमोल जातात, हे त्या घोषणेने पाच शब्दांत मांडले.

श्रमाचे मोल हा विषय मोल या शब्दातच आहे. संस्कृत मूल्य पासून आलेला हा शब्द मराठीत किमतीसाठी जसा वापरला जातो तसाच मजुरीसाठीही, आणि मोलमजुरी, मोलकरी, मोलकरीण हे शब्द त्यातूनच निघाले. मोलकरीण म्हणजे मोल घेऊन काम करणारी स्त्री. वेठ म्हणजे सक्तीचे, फुकटचे काम, त्याच्या उलट मोलाचे काम. मूळ अर्थाने पाहिल्यास हा शब्द कामाला पैसा मिळतो ही प्रतिष्ठाच सांगतो. तरीही तो कालांतराने इतका हलका मानला गेला की शिष्ट लेखनात त्याच्या जागी घरकामगार हा शब्द आणावा लागला, आणि २००८ च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमानेही घरेलू कामगार ही संज्ञा स्वीकारली. शब्द बदलल्याने वागणूक बदलते असे नाही, पण ज्या शब्दात मोल होते तोच अपमानाचा व्हावा, यात घरकामाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी उघडी पडते.

घरकाम घरातल्याच बाईने केले तर त्याला मोलही नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात, म्हणजे माणसे दिवसाचे चोवीस तास कशाकशात घालवतात याच्या देशव्यापी पाहणीत, असे आढळले की घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि तशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत स्वयंपाक, धुणे, मुले सांभाळणे ही कुटुंबासाठी केलेली कामे धरली जात नाहीत. हेच काम दुसऱ्याच्या घरी पगारावर केले तर ते गणले जाते. खिजगणतीत नसणे हा वाक्प्रयोग येथे शब्दशः लागू पडतो, कारण हे काम कमी किमतीचे ठरवले गेलेले नाही, ते मोजलेच गेलेले नाही, आणि न मोजलेल्या गोष्टीचे मोल मागायला जागाही नसते.

कवडीच्या बाबतीत मराठी समाजाने एक वेगळी नोंदही ठेवलेली आहे. चलनातून गेल्यावर ती महाराष्ट्रात फेकून दिली गेली नाही. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या आणि गोंधळ्यांच्या गळ्यातल्या माळा कवड्यांच्या असतात, देवीच्या परडीवर आणि पोशाखावर कवड्या शिवलेल्या असतात, आणि कवड्यांची माळ हे भवानीच्या भक्तीचे चिन्ह म्हणून सर्वत्र ओळखले जाते. ही माळ घालणाऱ्या घरांत तिची किंमत काय, असे कोणी विचारत नाही. बाजाराने जिला तुच्छतेचे माप केले तीच वस्तू देवघरात मानाची राहिली, आणि दोन्ही गोष्टी एकाच भाषेत, एकाच गावात, कित्येकदा एकाच उंबऱ्याच्या आत शेकडो वर्षे चालू आहेत. मोल आणि किंमत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, ही जाण या समाजाला पुस्तकातून आलेली नाही.

या शब्दाच्या आजच्या वापरात एक उणीव मात्र आहे आणि ती व्याकरणाची आहे. कांदा कवडीमोल झाला, जमिनी कवडीमोल गेल्या, टोमॅटो कवडीमोल, अशा मथळ्यांत कर्ता नसतो. पाऊस पडावा तसा भाव पडतो आणि त्याला कोणी जबाबदार नसतो, असा समज अशा वाक्यरचनेतून घट्ट होतो. शब्दाने तक्रार नोंदवलेली असते, पण ती कोणाविरुद्ध हे वाक्य सांगत नाही. म्हणून शेतीबाजाराचे वार्तांकन करणाऱ्या प्रत्येक वार्ताहराला आणि संपादकाला विनंती आहे की कवडीमोल हा शब्द मथळ्यात वापरताना बातमीत त्या दिवशी आवक किती झाली, बोली कोणत्या भावाला सुरू होऊन कोणत्या भावाला थांबली, हमाली, तोलाई आणि भाडे मिळून किती वजा झाले, शहरातल्या ग्राहकाने त्याच मालाला किती रुपये मोजले आणि त्या आठवड्यात आयात-निर्यातीचा कोणता आदेश निघाला, हे आकड्यांनिशी छापावे. आणि वाचकांनी ते छापले नसेल तर पत्र लिहून मागावे.